पुंडलिक नाना आणि खुंटीचं भोक

नवीन माणूस भेटला की आपण नाव सांगतो, गाव सांगतो, फार तर कुठल्या मिलमध्ये कामाला होतो ते सांगतो. आमचे पुंडलिक नाना आधी आपला दोष सांगतात. "नमस्कार. मी तिसऱ्या मजल्यावरचा पुंडलिक. मना पत्तामा एक भोक चुकेल शे," असं अहिराणीत म्हणून ते हात जोडतात. बऱ्याचदा समोर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस उभा असतो. तो बिचारा गडबडीने सिलिंडर ठेवतो आणि सुट्टे पैसे न घेता जिना उतरतो.

आम्ही गुजरातेत, उधन्याच्या या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी नाना आमच्या कपाटाचं एक टोक धरून तीन मजले चढले होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं, तेवढ्या सवडीत त्यांनी हे वाक्य माझ्या नवऱ्याला ऐकवलं. संध्याकाळी नवरा काळजीने म्हणाला, "अगं, त्या म्हाताऱ्याच्या काळजाला भोक आहे वाटतं. आपण त्याला कपाट उचलायला लावलं!" मी मूळची अकोल्याकडची. नवरा जवळच्या सचिन गावात डाइंग मिलमध्ये आहे आणि मी इथल्या एका लॅबच्या सेंटरवर रक्त काढते. त्यामुळे काळजाला भोक असलेला माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. कपाट घेऊन तीन मजले चढून, वर "आखो काही शे का?" असं विचारणारा तो नसतो.

नानांचा पत्ता म्हणजे पोस्टमन शोधतो तो नव्हे, आणि खेळायचाही नव्हे. जेकार्डच्या मागावर साडीचा काठ विणायचा तर जाड पुठ्ठ्याचे लांबट पत्ते लागतात. त्यांना भोकं पाडलेली असतात. जिथे भोक तिथला धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो, आणि अशा शेकडो पत्त्यांची माळ फिरली की मोर उमटतो. नानांनी सगळा जन्म ही भोकं पाडली. आता कॉम्प्युटर आले, पत्ते गेले, खात्यातलं जुनं पंचिंग मशीन भंगारात निघालं. ते नानांनी घरी आणून गॅलरीत बसवलं. त्यांच्या घरात दुधावर झाकण पत्त्याचं, फळीवर अंथरलेला कागद पत्त्याचा, पंखा बंद पडला की वाराही पत्त्यानेच घ्यायचा.

आता भोक कुठलं चुकलं ते सांगते. मी एवढ्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

नानांची एकुलती एक मुलगी रेखा. लहानपणापासून तिला ताप यायचा, सांधे सुजायचे, तोंड यायचं. मलेरियाची औषधं झाली, टायफॉइडची झाली, अंगारे झाले. शेवटी एका मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रेखाचं, नानांचं आणि नानींचं, असं तिघांचं रक्त घेऊन जनुकांची तपासणी करायला पाठवलं. अहवाल आला, तेव्हा त्या म्हणाल्या की जनुकांमध्ये काहीच बिघाड नाही. मग नाना म्हणाले, बिघाड नाही तर पोरीचे गुडघे भोपळ्यासारखे का होतात?

तर डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्या रक्तात ज्या राखण करणाऱ्या पेशी असतात त्यांच्या अंगावर बारीक बारीक कान असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरून कोण आलं, काय आलं, ते या कानांनी पेशीला कळतं. कान कसा बनवायचा याची कृती रेखाकडे अगदी बरोबर आहे. पण त्या कृतीपासून लांब, जिथे कसलीच कृती लिहिलेली नाही, जी जागा पूर्वी लोक ओसाड समजायचे, तिथलं एक अक्षर बदललेलं आहे. आणि कान किती उगवायचे, कधी उगवायचे, कधी थांबायचं, हे ती ओसाड जागा ठरवते. रेखाच्या पेशींना नको तेव्हा नको तितके कान फुटतात. मग साधं कुजबुजणंही त्यांना भांडण वाटतं आणि त्या आपल्याच सांध्यांवर धावून जातात.

हे ऐकून नाना खुर्चीतून उठलेच. "खुंटीनं भोक!" ते ओरडले. डॉक्टरीणबाई घाबरल्या. नानांनी टेबलावर बोटाने पत्ता काढून दाखवला. पत्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक मोठं भोक असतं. त्यातून एकही धागा उचलला जात नाही, कापडात त्याचं काहीच दिसत नाही. त्यात फक्त खुंटी बसते, आणि पत्ता जागच्या जागी राहतो. ते भोक सुताएवढं सरकलं तर बाकी सगळी भोकं बरोबर असूनही मोराची मान पोटात जाते. तरणेपणी नानांच्या हातून अशी खुंटी चुकली होती आणि साड्यांच्या साड्या वाया गेल्या होत्या. शेठने फुलं तपासली, पानं तपासली, चूक सापडेना. तीन दिवसांनी नानांनाच ती सापडली.

"फूल बराबर शे, खुंटी चुकनी," हे नानांचं पालुपद तिथून सुरू झालं. नानांचं म्हणणं, आता ती डॉक्टरीणबाई सगळ्या पेशंटना खुंटीचाच दाखला देते. देत असेलही.

यावरून नाना कुणाशीही भांडतात. आमच्याच सोसायटीत एक विज्ञानाचे मास्तर आहेत. गणपतीत आरतीनंतर गप्पा चालल्या होत्या. मास्तर म्हणाले, "आपल्या पेशीतलं बरंचसं लिखाण निव्वळ कचरा असतं, नाना." नाना घरात अहिराणी बोलतात, बाहेर मराठी, आणि संतापले की गुजराती. "कचरो कोने कहो छो?" म्हणून ते जे सुरू झाले, ते प्रसाद संपला तरी थांबेनात. शेवटी मास्तरांनी ओसाड जागेची जाहीर माफी मागितली तेव्हा कुठे त्यांना मोदक मिळाला.

दुसऱ्यांदा तर कहरच झाला. पहिल्या मजल्यावर मुलगी बघायला पाहुणे आले होते. नाना नको असताना वडीलधारे म्हणून जाऊन बसले. पोहे आले, पाहुण्यांनी मुलीच्या तब्येतीची चौकशी केली, आणि नाना म्हणाले, "पोरगी ठणठणीत शे. चूक शे ती मनामा. तपासनी करीसन सिद्ध व्हयेल शे." पाहुण्यांना वाटलं हे मुलीचे आजोबा. हे नात्यातले नव्हेत असं सांगून त्यांची समजूत काढेपर्यंत पोह्यांचं पार चामडं झालं.

मला त्यांचा वेगळाच ताप होता. नाना दर दोन महिन्यांनी माझ्या सेंटरवर रक्त द्यायला यायचे. रिपोर्ट आला की चष्मा पुसून विचारायचे, "काय निंघनं?"

"सगळं नॉर्मल आहे, नाना."

"नीट देख ना, ज्योतीबेन. सूज बीज काही?"

"काही नाही. तुमचं रक्त माझ्या नवऱ्यापेक्षा चांगलं आहे."

यावर माणूस खूश होतो. नाना हिरमुसायचे. एकदा त्यांना साधी शिंक आली, तर "कान वाढनात मना" म्हणून त्यांनी अख्ख्या जिन्याला वर्दी दिली. पन्नास वर्षांत या माणसाने तापाची गोळी खाल्लेली नाही. मी रोज शेकडो आजारी माणसं बघते, पण आजारी नसल्याचं दुःख झालेला हा एकच. मी मनात म्हणायची, म्हातारा एकटा पडलाय, आजाराचं तरी कौतुक.

कारण एकटे तर ते होतेच. नानी, म्हणजे विमल काकू, जाऊन दोन वर्षं झाली. त्या होत्या तेव्हा नानांच्या घरातून सकाळपासून बोलणी ऐकू यायची. दूध उतू गेलं, "तुमनामुये." नळ गेला, "तुमनामुये." रेखाचं दुखणं निघालं की तर विचारूच नका. "मी इतलं वरीस मना माहेरले दोस देत बठनू, आन् निंघना तुमना पत्ता!" असं म्हणून त्या कमरेवर हात ठेवून हसायच्या. नाना खाली मान घालून चहा प्यायचे आणि मला डोळा मारायचे. एवढी बोलणी खाऊन खूश असलेला नवरा मी दुसरा बघितला नाही.

त्यामागे जुनी गोष्ट होती. ती मला विमल काकूंनीच सांगितली होती. नानांची आई गावाहून येऊन इथेच राहायची. रेखा आजारी पडली की म्हातारी सुनेला ऐकवायची, "हिना माहेरनं रगतच खराब शे." सकाळी, दुपारी, पाहुण्यांसमोर, पोरीच्या उशाशी. काकूंच्या मनात ते इतकं रुतलं की पुढे म्हातारी गेली तरी त्या स्वतःच स्वतःला म्हणत राहिल्या. माहेरी जाणं त्यांनी कमी केलं. रेखाला जवळ घेतानाही म्हणे हात आखडायचा.

आणि नाना? नाना तेव्हा पेपर वाचायचे.

हे रेखाचं वाक्य आहे. ती आता पुण्यात नोकरी करते, योग्य औषधावर तिची तब्येत बरी आहे. पण आई गेल्यावर ती इकडे आलेली नाही. दिवसकार्याला मी तिथेच होते. ती बापाला म्हणाली, "आजी आईला बोलायची तेव्हा तुम्ही पेपर वाचत होता. आणि दोष निघाला तुमचाच." त्यानंतर फोनही महिना-दोन महिन्यांनी. नानींची धाकटी बहीण सुमन बारडोलीला दिली आहे. तिनेही येणं सोडलं. तिचंही तेच, की बहिणीने जन्मभर ज्याची बोलणी खाल्ली ते दाजींचंच होतं.

तर या सुमन मावशी गेल्या पावसाळ्यानंतर एके सकाळी माझ्या सेंटरवर उभ्या. सोबत त्यांची मुलगी कोमल, कॉलेजात जाणारी. पोरीचं तोंड आलेलं, बोटांची पेरं सुजलेली, चार महिने ताप येतोय-जातोय. मी रक्त काढता काढता म्हटलं, "मावशी, हे तर आपल्या रेखासारखंच दिसतंय. डॉक्टरांना सांगितलंत का?"

"सांगितलं ना. डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला असं आहे का? मी म्हटलं, बहिणीच्या मुलीला आहे, पण ते तिच्या वडिलांकडून. आमच्याकडून नाही. मग ते म्हणाले, तर मग त्याचा संबंध नाही."

सेंटरवर कळलेलं बाहेर बोलू नये हा आमचा नियम. पण ही नानांची सख्खी मेहुणी, म्हणून संध्याकाळी जिन्यात मी नानांना सांगून टाकलं. नानांच्या हातात भाजीची पिशवी होती. ती त्यांनी पायरीवर ठेवली. मला वाटलं, आता खुंटी सुरू होणार. "कोमलले?" एवढंच विचारलं आणि घरात गेले. पिशवी तिथेच राहिली. ती मी नंतर नेऊन दिली, तर त्यांनी दार अर्धंच उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सेंटरचं शटर वर करते आहे तो नाना पायरीवर बसलेले. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक फाइल. ही फाइल अख्ख्या सोसायटीला माहीत होती. नाना ती हवेत हलवून दाखवायचे, "तपासनी करेल शे!" म्हणायचे. पण आजवर कुणाच्या हातात त्यांनी ती दिली नव्हती, रेखाच्याही नाही; तिला औषधांची चिठ्ठी पुरत होती. इंग्रजीतली फाइल, कोण कशाला मागेल?

"वाच," म्हणाले.

मी वाचली. माझं इंग्रजी काही साहेबाचं नाही, पण रिपोर्टातलं इंग्रजी मला येतं. रेखामध्ये तो बदल आहे. वडिलांमध्ये नाही. आईमध्ये आहे. एका ओळीत स्पष्ट लिहिलं होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली.

"नाना, हे तर काकूंकडून आलंय!"

"हळू बोल ना वं," नाना म्हणाले. रस्त्यावर काळं कुत्रंही नव्हतं.

मग मला एकेक आठवायला लागलं. विमल काकूंचं सारखं तोंड यायचं. त्याला त्या उष्णता म्हणायच्या आणि दहीभात खायच्या. त्यांचेही गुडघे धरायचे, त्याला त्या वय म्हणायच्या. एकच अक्षर कुणात जोर करतं, कुणात दबून राहतं, असं त्या डॉक्टरीणबाईंनी नानांना तेव्हाच सांगितलं होतं. तेही नानांनी आता मला सांगितलं.

आणि त्या दिवशी काय झालं तेही सांगितलं. अहवाल ऐकायला काकू आत गेल्याच नव्हत्या. बाहेरच्या बाकावर तोंडात पदर धरून बसल्या. "काय निंघी ते माले माहीत शे. तुम्हीच जा," म्हणाल्या. नाना आत गेले, सगळं ऐकलं, खुंटीचा दाखला दिला, शाबासकी घेतली आणि बाहेर आले. काकूंनी मान वर केली नाही. नाना सांगत होते, "मी बाहेर उनू तवलोक मना मनमा काहीच नव्हतं, ज्योतीबेन. तिना तोंडकडे पाहं, आन् तोंडमाथीन निंघी गयं. मनाकडथीन उनं म्हनं. मना पत्ता. तुना काही दोस नही."

काकू आधी बघतच राहिल्या. मग हसल्या, मग रडल्या, मग त्या दवाखान्याच्या आवारात, लोकांच्या देखत, त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदा फैलावर घेतलं.

ते ऐकताना मला माझीच लाज वाटली. या माणसाला मी चक्रम म्हणत होते. सिलिंडरवाल्याला, पाहुण्यांना, आरतीला आलेल्यांना तो आपला दोष सांगत फिरत होता, तो काय उगाच? जितक्या कानांवर काकूंचं "खराब रगत" पडलं असेल, तितक्या कानांवर त्याला दुसरी बातमी घालायची होती. आणि बायको गेल्यावरही त्याने ते थांबवलं नाही.

"पण नाना, डॉक्टरांनी काकूंच्या भावा-बहिणींबद्दल काही सांगितलं नव्हतं?"

नाना खाली बघायला लागले. सांगितलं होतं. तिकडे कुणाच्या मुलांना असं झालं तर लगेच हा कागद दाखवा, म्हणजे औषध वेळेत सुरू होईल. तेव्हा कोमल ठणठणीत होती, शाळेत धावण्यात पहिली यायची. नानांनी मान डोलावली आणि ते गिळून टाकलं.

"दोन्हीसकडथीन उनं असं लिखता नही येवाव का?" त्यांनी विचारलं. "अर्धं मनं, अर्धं तिनं."

"नाही येत, नाना."

"मग लॅबनी चूक व्हयनी म्हन. पहिले चुकेल व्हतं, आते बराबर निंघनं."

"नाना, लॅबचं नाव घेऊ नका. मी तिथलीच आहे."

ते थोडं हसले. मग म्हणाले, "ती पोरगी आजारी राही, ते चालाव नही. पन विमलना नावले आते बट्टा लागी." मी त्यांना सांगितलं की हा बट्टा नव्हे. ते म्हणाले, "तुले माहीत शे. माले माहीत शे. त्या घरले माहीत नही."

रविवारी आम्ही दोघं बारडोलीच्या बसमध्ये बसलो. लॅबची बाई सोबत असली की लोक ऐकतात, म्हणून मी. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सबंध रस्ताभर त्यांनी कुणालाही आपली ओळख करून दिली नाही.

सुमन मावशींचे यजमान प्रकाशराव साखर कारखान्यात आहेत. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. बाहेरच्या खोलीत खाटेवर मावशींच्या सासूबाई बसल्या होत्या, कोमल भिंतीला टेकून. नानांना बघून मावशींनी पाणी दिलं, पण "या दाजी" पलीकडे बोलल्या नाहीत. नानांनी फाइल माझ्याकडे दिली आणि स्वतःच सांगितलं. एका दमात, खाली बघत. की ते विमलकडचं आहे, की मी खोटं बोललो, की हा कागद उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवा. मी जोड दिली की आता नेमकं काय शोधायचं ते डॉक्टरांना कळेल, औषध योग्य मिळेल, रेखा बघा कशी बरी आहे.

मावशींनी पदर तोंडाला लावला. "ताईला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नही," नाना म्हणाले.

मावशी आणखी काही बोलणार, तोच खाटेवरून आवाज आला. "म्हंजे सुमनना माहेरनंच. मी म्हनतच व्हतू, आमना खानदानमा असं कोनी नही. हिना माहेरनं रगतच खराब."

मावशींनी मान खाली घातली. जशी सवय असते तशी. मी प्रकाशरावांकडे बघितलं. माणूस वाईट नाही हो. पण त्याने खिशातून मोबाइल काढला आणि अंगठ्याने काहीतरी वर सरकवायला लागला.

नानांनीही ते बघितलं. ते उठले. प्रकाशरावांच्या हातातला मोबाइल त्यांनी अलगद काढून घेतला आणि टीव्हीच्या शेजारी पालथा ठेवला. नाना वयाने मोठे साडू, म्हणून प्रकाशराव नुसते बघतच राहिले.

"आक्का," नाना म्हाताऱ्या बाईंना म्हणाले, "पत्ता कोनी निवडीसन लेस का? सुमनले तिना मायनी दिधा, मायले तिना मायनी. कोनीच पाहीसन दिधा नही. जे कोनाले दिसत नही तेना दोस कोनाले देशात? मना घरमा मी हाईच आयकं. मनी माय बोले, आन् मना हातमा पेपर ऱ्हाये. मी कधी तोंड उघाडं नही. मनी विमल हाईच आयकीसन जेवे, हाईच आयकीसन झोपे. आते मी आखो आयकाव नही. मना देखत तर नहीच." मग ते प्रकाशरावांकडे वळले. "आन् तू बी आयकू नको."

आवाज चढला नव्हता. गुजरातीही आली नव्हती. म्हाताऱ्या बाई पुटपुटल्या, "आम्ही काय वाईट बोलनूत?" आणि जपाची माळ शोधायला लागल्या. प्रकाशराव बराच वेळ टीव्हीकडे बघत बसले, तो बंद होता तरी. मग म्हणाले, "उद्याच मी सुट्टी टाकतो. मी येतो दवाखान्यात." कोमलने मला विचारलं, किती बाटल्या रक्त घेतील? मी म्हटलं, चमचाभर. मावशी चहा करायला आत गेल्या, आणि जाताना नानांच्या पायांना हात लावून गेल्या.

परतताना बसस्टँडवर बराच वेळ बस नव्हती. नाना बाकाच्या टोकाला बसले होते. मला राहवेना. मी म्हटलं, "नाना, आज फार छान बोललात. मावशी आता रेखाला फोन करतील. तुम्ही काकूंसाठी काय केलंत ते रेखाला कळेल. बघा, ती येईल."

"तिले कयी," नाना म्हणाले. "पन पेपर तर मी वाचतच व्हतू ना. ते काय खोटं शे?"

मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

पाणी पिऊन ते म्हणाले, "आज जे बोलनू ना, ते तिना म्होरे बोलाले पाहिजे व्हतं. मनी माय जित्ती व्हती तवय. एकदाव. खोटं बोलानी गरजच पडती नही मग." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला आणि पुन्हा लावला. "तिले आयकाले भेटनं नही, ज्योतीबेन."

बस आली. गर्दी नव्हती. नाना आधी चढले, पुढची एक जागा बघून बाहेरच्या बाजूला बसले आणि खिडकीजवळची जागा त्यांनी रिकामी ठेवली. मी म्हटलं, "सरका की नाना आत." ते दचकले. रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "सवय शे," आणि आत सरकले.